दगडांचं कपाट : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

वाचनालयाबाहेरचं काचेचं कपाट अखेर आमच्या ताब्यात आलं. मुख्याध्यापक सरांच्या अटी दोनच: २६ जानेवारीपर्यंत दगडांनी भरायचं आणि पैसे मागायचे नाहीत. कपाटाला तीन फळ्या आहेत. नववीच्या मुलांनी तिथल्या तिथे वाटणीही करून टाकली: वरची अग्निजन्य, मधली गाळाची, खालची रूपांतरित. पुस्तकात तसंच आहे, परीक्षेतही तसंच विचारतात. मी काही बोलले नाही.

नियम मात्र मी ठरवले. चिठ्ठ्या डकवलेली नमुन्यांची तयार पेटी आणायची नाही. दगड मुंबईच्या जमिनीतला हवा, नाहीतर मुंबईतल्या माणसांच्या वापरातला. हातोडा कुठेही चालवायचा नाही. पडलेला, टाकून दिलेला किंवा कुणी आपणहून दिलेला तुकडाच घ्यायचा. लेणी, राष्ट्रीय उद्यान, गिल्बर्ट हिल इथून खडासुद्धा उचलायचा नाही, फोटो काढायचे. प्रत्येक तुकड्याची नोंद: कुठला, कुणी दिला, कोरडा आणि ओला कसा दिसतो, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो का. आम्लाची बाटली माझ्याकडेच राहील.

१६ नोव्हेंबर, रविवार

अंधेरी पश्चिम, गिल्बर्ट हिल. उंची ६१ मीटर. खडकातच खोदलेल्या खड्या पायऱ्या चढून गावदेवीच्या देवळापाशी पोचलो. वरून खांब दिसत नाहीत, ते पाहायला खाली उतरून गल्लीत मागे मागे सरकावं लागतं, आणि मागे सरकायला जागाच नाही. एका घराच्या गच्चीवर काकूंनी येऊ दिलं, म्हणून सगळी भिंत एका नजरेत आली: उभे, चिकटून उभे राहिलेले, बहुकोनी काळे खांब.

हे खांब कुणी घडवले, या प्रश्नाचं उत्तर मुलांनी आपापसातच दिलं. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाचा गाळ भेगाळतो, तसंच काहीतरी. बरोबर आहे. लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर येतो. थिजून घट्ट झाल्यावरही तो निवतच राहतो, आणि निवताना आकसतो. आकसायला बाजूने वाव नाही, म्हणून तडे जातात. तडे थंड पृष्ठभागाला काटकोनात आत शिरत जातात. पृष्ठभाग आडवा असेल तर खांब उभे. शिवाय हे सगळं सावकाश झालं पाहिजे; घाईने निवलेल्या थरात असे सरळ, लांबलचक खांब तयार होत नाहीत.

एकीने विचारलं, "बाई, बाकीचा डोंगर कुठाय?" आजूबाजूचा दगड खाणकामात गेला. १९५२ मध्ये केंद्र सरकारने वन कायद्याखाली या टेकडीला संरक्षण दिलं, २००७ मध्ये महापालिकेने तिला दुसऱ्या श्रेणीच्या वारसा यादीत घातलं, म्हणून एवढी तरी उरली. मुंबईच्या काँक्रीटमधली खडी आणि लोकलच्या रुळांखालची खडी हा सगळा काळा फत्तरच, म्हणजे बेसाल्ट आहे.

२२ नोव्हेंबर

मोठी मिळकत. नववीतल्या एका मुलाचे बाबा जमिनीच्या चाचणीचं काम करतात. शिवडीकडच्या एका पुनर्विकासाच्या जागेवरचे, अहवाल देऊन झाल्यावर फेकायला निघालेले बोअरचे तुकडे त्यांनी लाकडी पेटीसकट आणून दिले. सुमारे ५४ मिलिमीटर जाडीच्या दंडगोल कांड्या, क्रमाने लावलेल्या. पेटीच्या कडेला खडूने खोली लिहिलेली.

त्यांनीच पेटी वाचून दाखवली. वर भराव: विटांचे तुकडे, काँक्रीट, एक चप्पलसुद्धा निघाली होती म्हणे. त्याखाली खाडीचा करडा चिखल. मग मुरूम. त्याखाली खडक, पण मुलांना अपेक्षित होता तसा काळा फत्तर नव्हे. हिरवट, राखाडी, मऊसर, आणि त्यात टोकदार काळे खडे रुतलेले. "याला आम्ही ब्रेसिया म्हणतो, आणि हा खालचा बारीक कणांचा तो टफ," ते म्हणाले. कांडीचे दहा सेंटिमीटरहून लांब तुकडे मोजायचे, त्यांच्या बेरजेला ड्रिल केलेल्या लांबीने भागायचं. जे टक्के येतील त्यावरून खडक किती अखंड ते कळतं. मुलांनी मोजून पाहिलं. एका दीड मीटरच्या पट्ट्यात ४० टक्के, खालच्यात ८५.

जाताना ते म्हणाले, "बाई, टफ पाण्यात ठेवू नका." मुलांनी अर्थातच एक तुकडा पाण्यात ठेवला.

२४ नोव्हेंबर

पाण्यातल्या तुकड्याचे पापुद्रे सुटले. बशीच्या तळाला हिरवट गाळ. फत्तराचा तुकडा शेजारच्या बशीत होता तसाच आहे. मुंबईत बोगदा किंवा पाया खणणाऱ्यांना हा खडक का सतावतो ते एका बशीत समजलं. जमिनीत दबलेला असेतो ठीक, हवा-पाणी लागलं की ढिला पडतो. मेट्रो ३ च्या साडेतेहतीस किलोमीटरच्या मार्गावर यंत्रांना बेसाल्ट, ब्रेसिया, टफ हे सगळेच लागले.

मऊपणाचा फायदाही आहे. अंधेरीची महाकाली लेणी अशाच ब्रेसियात कोरलेली आहेत. छिन्नीला सोपा, म्हणून कोरला. आणि सोपा म्हणूनच झिजतोय.

३० नोव्हेंबर, रविवार

आज भांडण. टफ कुठल्या फळीवर?

पहिला पक्ष: ज्वालामुखीतून आला म्हणजे अग्निजन्य. दुसरा पक्ष: राख उडाली, पाण्यात पडली, थरावर थर साठला, दबून दगड झाला, साठून झालेला म्हणजे गाळाचा. दोघांकडेही पुस्तकातलं वाक्य आहे आणि दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. मला हे भांडण मनापासून आवडलं, म्हणून निकाल दिला नाही.

त्याऐवजी फळ्यावर मुंबईची गोष्ट काढली. डेक्कनचा लाव्हा म्हणजे आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला काळा दगड. मुख्य उद्रेक ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. सह्याद्रीत त्याचे थर जवळपास आडवे, एकावर एक, महाबळेश्वरच्या बाजूला मिळून दोन किलोमीटरच्या घरात. घाटातून एसटीने जाताना दिसतात त्या आडव्या पट्ट्या त्याच. मुंबईचे खडक याच कुटुंबातले, पण धाकटे, आणि वेगळ्या परिस्थितीत वाढलेले. इथे लाव्हा पुष्कळदा पाण्यात शिरला. पाणी लागताच त्याचं बाहेरचं कातडं काचेसारखं थिजतं आणि तडकतं. आतला वितळलेला भाग फट शोधून पुढे सरकतो, पुन्हा थिजतो. असे गोल गोल लोड तयार होतात, त्यांना उशी-लाव्हा म्हणतात. वडाळा-शिवडी भागात ते नोंदले गेलेत. तडकलेल्या काचेचा चुरा, राख आणि खडे एकत्र चिकटून आपल्या पेटीतला ब्रेसिया.

दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी होती, दलदल होती. वरळीच्या टेकडीत लाव्हाखालच्या काळ्या, पातळ थरांच्या खडकात बारक्या बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. आज त्या बेडकाचं नाव इंडोबॅट्रॅकस. हेन्री कार्टर या डॉक्टरांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर लिहिलं. म्हणजे डायनासोर संपल्यानंतर वरळीत गोड्या पाण्याची डबकी होती आणि त्यात बेडूक डराव डराव करत होते. हे ऐकल्यावर टफचं भांडण पाच मिनिटं थांबलं.

पाच मिनिटंच. मग नवा मुद्दा: बेडूक ज्या थरात सापडला तो नक्की गाळाचा, पण त्यातले कण तर लाव्हाच्याच दगडांचे!

७ डिसेंबर, रविवार

फोर्टात फेरी. इमारतींना हात लावून पाहायचं, खरवडायचं नाही.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हा आमच्यासाठी तयार धडा. राखाडी दगड कुर्ल्याचा बेसाल्ट, पिवळसर दगड मालाडचा ट्रॅकाइट. दोन्ही अग्निजन्य, दोन्ही मुंबईचे, आणि रंग असे की कुणी एका कुटुंबातले म्हणणार नाही. फरक सिलिकाचा. बेसाल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास, लोह-मॅग्नेशियम भरपूर, म्हणून रंग काळा आणि वितळलेला असताना पातळ, दूरवर वाहणारा. ट्रॅकाइटमध्ये सिलिका आणि अल्कली (सोडियम, पोटॅशियम) जास्त, लोह कमी, म्हणून फिका आणि वितळलेला असताना चिकट. डेव्हिड ससून ग्रंथालयाचा पिवळा दगडही मालाडचाच. गेटवेला वापरलेला पिवळा दगड मालाडजवळच्या खारोडीचा. पुस्तकं त्याला 'पिवळा बेसाल्ट' म्हणतात.

फ्लोरा फाउंटन पाहताना सगळ्यात मजा आली. १८६४ चं हे कारंजं इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडात घडवलंय, आणि तो चुनखडक आहे. ज्युरासिक काळातल्या उथळ समुद्राच्या तळाशी साठलेला. वय आपल्या काळ्या फत्तराच्या दुप्पटीहून जास्त. हुतात्मा चौकातून रोज लाखभर माणसं एका परदेशी समुद्रतळाच्या शेजारून ऑफिसला जातात. फोर्टातल्या जुन्या इमारतींमध्ये पोरबंदरचा दगडही बराच आहे. तोही चुनखडक, सौराष्ट्रच्या किनाऱ्यावरच्या सूक्ष्म कवचांचा आणि वाळूचा.

मधल्या फळीचा बराचसा माल असा जहाजाने आलेला दिसतो.

१४ डिसेंबर

मुलांना सांगितलं होतं की घरातले, चाळीतले तुटके दगड आणा. वर्गात पाय ठेवायला जागा उरली नाही. निम्म्या वस्तीचा पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे फुटक्या ओट्यांची कमी नाही.

आम्लाचा थेंब घेऊन बसलो. कडप्पा: फसफसला. ज्या काळ्या ओट्यावर आपण आयुष्यभर पोळ्या लाटल्या तो चुनखडक आहे, यावर मुलींचा विश्वास बसेना. लिंबाचा रस सांडून ओट्यावर पांढरा डाग का पडतो, तर यामुळेच. जिन्याचा कोटा: फसफसला. शहाबादी फरशी: फसफसली. आजीच्या देवघरातला मकराण्याचा संगमरवर: तोही फसफसला, पण त्याचे दाणे पाहा. चुनखडक खोलवर उष्णतेत आणि दाबात सापडला की कॅल्साइटचे बारीक कण नव्याने स्फटिक होऊन वाढतात, एकमेकांत घट्ट बसतात. म्हणून तुटलेली कड साखरेसारखी चमकते. न वितळता, घन असतानाच सगळा बदल. खालच्या फळीचा हा पहिला मानकरी.

'जेट ब्लॅक ग्रॅनाइट' फसफसला नाही. तो ग्रॅनाइटही नाही, बाजारात नाव आहे इतकंच. भूशास्त्राप्रमाणे डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे रसायनाने बेसाल्टचाच सख्खा भाऊ. फरक एवढाच की तो जमिनीवर वाहत आला नाही. आत अडकून सावकाश निवला, म्हणून स्फटिक मोठे, आणि पॉलिश केल्यावर बारीक ठिपके चमकतात. हा तुकडा आणि खडीचा तुकडा शेजारीशेजारी ठेवायचे, त्यावर वेगळी चिठ्ठी लिहायची गरजही पडू नये.

पाटा-वरवंटा आणि जातं अर्थातच काळ्या फत्तराचे. वर्गात टाकी लावणं म्हणजे काय हे तिघांनाच माहीत होतं. पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाली बाई दारात येऊन छिन्नीने पुन्हा खरबरीत करून द्यायची. आमच्या चाळीत ती दुपारची यायची आणि तिच्या ठोक्यांनी कुणी झोपू शकायचं नाही.

एका खडीवर मात्र ठिकठिकाणी फसफस झाली, ठिकठिकाणी नाही. विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हा दगड. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं मागाहून झिरपलेल्या पाण्याने खनिजांनी भरली. जिथे कॅल्साइट भरलं तिथेच थेंब उकळला.

२१ डिसेंबर, रविवार

मार्वेहून तरीने मनोरी. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवली होती.

किनाऱ्यावर फिकट, गुलाबी-करडा खडक. रायोलाइट-ट्रॅकाइटचा पट्टा. सह्याद्रीत मैलोन्‌मैल काळं पाहिलेल्या माणसाला हा दगड परका वाटतो. मुंबईच्या पश्चिम कडेला असे सिलिकाने श्रीमंत खडक बाहेर आलेत आणि थरही आडवे नाहीत, पश्चिमेकडे कललेले आहेत. पनवेलजवळून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या एका मोठ्या वाकापाशी सह्याद्रीचे आडवे थर समुद्राकडे झुकायला लागतात. कारण फार मोठं: याच सुमारास भारताच्या पश्चिम कडेपासून सेशेल्सचा तुकडा फाटून दूर गेला. कवच ताणलं गेलं, पातळ झालं, भेगा पडल्या, त्यांतून वेगळ्या रसायनाचा शिलारस वर आला. मुंबई ही त्या फाटलेल्या कडेवर वसली आहे.

तिथेच दुसरा शोध. वाळू, शिंपले, शंख चुन्याने घट्ट चिकटून झालेला दगड, कोकणात त्याला करल म्हणतात. हा भूशास्त्राच्या हिशेबाने कालपरवाचा. लाटांनी सुटून पडलेला मूठभर तुकडा घेतला. आम्लाला असा उसळला की एक मुलगा मागे सरकला. मधल्या फळीला अखेर अस्सल मुंबईचा दगड मिळाला.

४ जानेवारी २०२६, रविवार

कपाटाच्या दाराला आतून लावायचा तक्ता. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. ती एक मीटर धरली. मग भूखंडाचं कवच, ३५ किलोमीटर धरलं तर, साडेपाच मिलिमीटर. महासागराखालचं ७ किलोमीटरचं कवच जेमतेम एक मिलिमीटर. रशियातलं कोला इथलं बोअर, १९८९ मध्ये १२,२६२ मीटरपर्यंत गेलेलं, दोन मिलिमीटरपेक्षा कमी. तळाशी तापमान सुमारे १८० अंश, तिथून पुढे जमलं नाही. सह्याद्रीचे सगळे लाव्हाथर मिळून मिलिमीटरचा एक तृतीयांश. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड आली. मुलं चिडली, कारण ज्यावर दोन महिने राबलो ते सगळं एका रेघेत मावलं.

मग कवच संपतं हे कळलं कसं? १९०९ मध्ये क्रोएशियातल्या भूकंपाच्या नोंदी पाहताना मोहोरोविचिच यांना दिसलं की काही लाटा अपेक्षेपेक्षा लवकर पोचल्या. म्हणजे त्या खालच्या, जास्त घनतेच्या थरातून झपाट्याने धावून आल्या. ती सीमा म्हणजे मोहो. वर भूखंडाचा सरासरी २.७ घनतेचा दगड, खाली प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या थराचा, ३.३ च्या आसपासचा. आणि प्रावरण वितळलेलं नाही, घन आहे. अत्यंत मंद वाहतं, पण घन. 'आत सगळा लाव्हा उकळतोय' हे चित्र पुसायला मला तक्त्यापेक्षा जास्त वेळ लागला. वितळण्याला कारण लागतं: गरम खडक वर सरकून दाब कमी होणं, किंवा पाणी शिरून वितळण्याचा अंश खाली येणं. डेक्कनच्या बाबतीत पहिलं.

काळ्या दगडाखाली काय, याचं उत्तर कोयनेत आहे. १९६७ च्या भूकंपाच्या त्या भागात शास्त्रीय संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं. साधारण सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट संपला आणि जुना ग्रॅनाइट-नाइस लागला. नाइस म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक.

११ जानेवारी

खनिजांसाठी कांदिवलीच्या जुन्या खाणीचा विचार होता. तिथलं हिरवं प्रेनाइट आणि कापसाच्या गोळ्यासारखं ओकेनाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. एका पालकांनी आजोबांच्या शोकेसमधला स्टिल्बाइट या खनिजाचा तुकडा उसना दिला. उसना, म्हणजे चिठ्ठीवर तसं लिहायचं.

२३ जानेवारी

मांडणी झाली. टफचा वाद मतदानाने सोडवायचा नाही, एवढं एकमताने ठरलं. वरच्या आणि मधल्या फळीच्या मध्ये सुताराकडून एक उतरती पट्टी बसवून घेतली. तिच्यावर वरून खाली: ब्रेसियाची कांडी, टफची कांडी, वरळीच्या बेडकाचं चित्र, बशीत पापुद्रे सुटलेल्या टफचा गाळ बाटलीत. चिठ्ठी मुलांनी लिहिली: 'आगीतून आला, पाण्यात बसला.' मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. पुस्तकाच्या तीन जाती मी वर्गात शिकवतच राहणार, पण त्या दगडाच्या जन्माच्या तीन वाटा म्हणून, तीन बंद खोल्या म्हणून नाही.

सर बघून म्हणाले, खालची फळी फारच मोकळी वाटते. खरंच आहे, एकटा मकराणा. मुंबईच्या जमिनीवर रूपांतरित खडक उघडा दिसत नाही, तर आणणार कुठून? शिपाईमामा तिथेच उभे होते. सावंतवाडीकडचे. म्हणाले, शिमग्याला गावी जातोय, आमच्या गडग्यातले, म्हणजे दगडी कुंपणातले दगड पट्ट्यापट्ट्यांचे असतात, आणू का?

९ मार्च

मामांनी पिशवीतून दगड काढला. नाइसच. फिकट आणि काळे पट्टे, मध्ये अभ्रकाची चमक, पट्टे एका जागी वळणदार मुडपलेले. थेंब टाकला, काही झालं नाही. सिंधुदुर्गातले हे खडक आर्कियन काळातले, म्हणजे अडीचशे कोटी वर्षांहून जुने. कोयनेत बेसाल्टखाली जे लागलं त्याच जातकुळीचा. कपाटातला सगळ्यात म्हातारा दगड, तेव्हा खालची फळी त्याच्या हक्काची. मामांची एकच मागणी होती, चिठ्ठीवर गावाचं नाव दगडाच्या नावापेक्षा मोठं हवं. तसं लिहिलं.

वजन मात्र फळीला झेपेल असं वाटत नाही. खालून लोखंडी अँगल लावायला सुताराला शनिवारी बोलावलंय; तोवर दगड माझ्या टेबलाखाली.